अडुसष्ट लाख आहेत, आता घरी बसलं तर चालेल का?

सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

"ताई, वय ५२. एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात २४ वर्षं अकाउंट्स आणि स्टोअर्स बघत होतो, हातात ५८ हजार यायचे. ऑर्डरी कमी झाल्या, दिवाळीनंतर काही जणांना थांबवलं, त्यात मी. दोन महिने झाले. जुळे सोलापुरात स्वतःचं घर आहे, कर्ज नाही. पीएफ ३० लाख, ग्रॅच्युइटी आणि भरपाई मिळून ९, एफडी १७, पीपीएफ ६, म्युच्युअल फंड ६, असे ६८ लाख होतात. कुंभारीकडे एक प्लॉट आहे, त्याचे १८ तरी येतील. मुलगी २५ वर्षांची, पुण्यात नोकरीला आहे, लग्न व्हायचंय. मुलगा इंजिनिअरिंगला, अजून दोन वर्षं आहेत. त्याला नोकरी गेल्याचं सांगितलेलं नाही. आई ७७ वर्षांची, आमच्याकडेच असते. मेहुणे म्हणतात, ६८ लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर महिना जवळपास ४० हजार व्याज येतं आणि बायको घर ३२ हजारात चालवते, मग पुन्हा कुणाच्या दारात कशाला जायचं? मलाही पटतंय. या वयात कोण नोकरी देणार, आणि दिली तरी २५ हजारावर राबायचं का? वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा तेही घरी बसले, त्यांच्याकडे काही नव्हतं, माझ्याकडे आहे. तर रिटायर झालो असं समजून मोकळा होऊ का?"

दादा, दोन पोरांची शिक्षणं करत, घराचं कर्ज फेडून, वर एवढी रक्कम बाजूला काढणं ५८ हजाराच्या पगारात सोपं नसतं ओ. तुम्ही ते केलंय. त्यामुळे पुढे जे थोडं कडक लिहिणार आहे ते तुमच्याबद्दल नाही, मेहुण्यांच्या हिशोबाबद्दल आहे. त्यांचा गुणाकार बरोबर आहे, ६८ लाखाचे ७ टक्के म्हणजे वर्षाला पावणेपाच लाख, महिन्याला ४० हजार, सगळं बरोबर, पण त्यात तुमच्या घरातलं निम्मं आयुष्य धरलेलंच नाही.

आधी ते ३२ हजार बघू. तुमच्या पत्रात वहिनी एकदाच आल्यात, आणि तेही "बायको ३२ हजारात घर चालवते" एवढ्यापुरत्या. त्यांना काय वाटतं याबद्दल एक ओळ नाही. ते राहू दे, निदान हिशोब तरी त्यांना विचारा. ३२ हजार हा किराणा, दूध, गॅस, लाईट बिल, आईंची औषधं, पेट्रोल असा महिन्याचा खर्च असणार. वर्षातून एकदा येणारं त्यात बसत नाही. घरपट्टी, गाडीचा इन्शुरन्स, उन्हाळ्यात कूलर नाहीतर मोटर जळते ते, दिवाळी, पाहुण्यारावळ्यांचे आहेर, कुणाचं दवाखान्यात जाणं. आणि मेडिक्लेम, जो आत्तापर्यंत कंपनी भरत होती म्हणून तुम्हाला त्याची किंमतच माहीत नाही. वहिनींबरोबर बसून मागच्या वर्षाचं बँक स्टेटमेंट काढा आणि सगळं लिहा. माझा अंदाज आहे वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास वेगळे निघतील, म्हणजे तुमचा खरा खर्च ४२ हजार महिना. मेहुण्यांनी दाखवलेले उरलेले आठ हजार तिथंच संपले, उलट दोन हजार कमी पडले.

आता ६८ लाख. यातले मुलाच्या दोन वर्षांच्या फी आणि हॉस्टेलचे ६ लाख धरा, मुलीच्या लग्नाचे १० धरा (पत्रात आकडा नाही, मी माझ्या मनाने घेतलाय, तुमचा वेगळा असेल). हे पैसे तुमच्या खात्यात आहेत पण तुमच्या म्हातारपणाचे नाहीत. राहिले ५२.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट महागाई, जी मेहुण्यांच्या हिशोबात अजिबातच नाही. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायचं रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट असतं, पण कॉलेजची फी आणि दवाखाना कुणाचं उद्दिष्ट बघून वाढत नाहीत, म्हणून घरचा हिशोब करताना मी ६ धरते. ७२ ला ६ ने भागा, १२ येतात, म्हणजे बारा वर्षांत खर्च दुप्पट. आज ४२ हजार तर तुमच्या ६४ व्या वर्षी ८४ हजार, ७६ व्या वर्षी १ लाख ६८ हजार. हवं तर उलट जाऊन बघा, बारा वर्षांपूर्वी घरखर्चाला वहिनींच्या हातात किती देत होता ते आठवा. खर्च असा चढत जाणार आणि मेहुण्यांचं व्याज मात्र ४० च्या ४० हजारच राहणार, खरं तर कमीसुद्धा होईल, कारण २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट (ज्या दराने ती बँकांना पैसे देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला आणि त्यामागोमाग एफडीचे दरही उतरले. आपल्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे टाकी भरलेली दिसली तरी बायका आधी विचारतात पुढचं पाणी कधी. तुमची टाकी भरलेली आहे, पण नळ बंद झालाय, आणि मेहुणे नुसतं टाकीकडे बघून बोलतायत.

आता मी आकडा मांडून बघितला. गुंतवणुकीवर ७ टक्के, महागाई ६ टक्के, आजच्या किमतीत ४२ हजार महिना, ५२ लाख हाताशी आणि तुम्ही आजपासून एक रुपया कमवायचा नाही. पैसे तुमच्या ६३ व्या वर्षाच्या आसपास संपतात. कुंभारीचा प्लॉट विकून १८ घातले तर ६७. घाबरवायला सांगत नाहीये. आई ७७ च्या आहेत ना तुमच्या? मग तुम्हीही ८५ धरून चालायला हवं, आणि वहिनी वयाने लहान असतील तर त्यांच्यासाठी अजून पुढचं.

वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम असली की रिटायर व्हा, असं हल्ली सगळे व्हिडिओवाले सांगतात. हा ठोकताळा ज्यावरून आला तो ४ टक्क्यांचा नियम (पहिल्या वर्षी जमा रकमेचे ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे) विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये मांडला, अमेरिकेच्या शेअर आणि बाँडचे जुने आकडे बघून, आणि तोही ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी. एमआयडीसीतून ५२ व्या वर्षी बाहेर पडलेल्या आणि बहुतेक पैसा पीएफ-एफडीत असलेल्या माणसाला तो जसाच्या तसा कसा लागू होईल? तुमच्यासारख्याला ३५ वर्षं काढायची तर मी ३० पट म्हणेन. वर्षाचे पाच लाख म्हणजे दीड कोटी. तुमच्याकडे प्लॉटसकट ७० लाख आहेत. म्हणजे पूर्ण रिटायरमेंट आज परवडत नाही, हे सरळच सांगते.

पण थांबा, इथं वाचणं सोडू नका, कारण तुम्ही ज्या २५ हजाराला नाक मुरडलंत ना, त्याच्याबद्दल मला खरं बोलायचंय.

तुम्ही २५ हजार कशाशी ताडून बघताय? ५८ हजाराशी. साहजिक आहे, कमीपणा वाटणारच. पण तुमचं घर ५८ वर चालत नव्हतं, ४२ वर चालत होतं, बाकीचं शिलकीत जात होतं. आता शिलकीत टाकायची तेवढी गरज नाही, फक्त शिलकीला हात कमी लावायचाय. वयाच्या ६० पर्यंत, म्हणजे आठ वर्षं, तुम्ही आजच्या किमतीत २५ हजार महिना आणलेत (महागाईबरोबर ते थोडे थोडे वाढत गेले पाहिजेत), आणि ६० नंतर मुलं मार्गी लागल्यामुळे खर्च ३५ हजारावर आला असं धरलं, तर तोच पैसा प्लॉटसकट साधारण ७५ पर्यंत पुरतो. ३५ हजार आणलेत तर ७८ च्या आसपास. घराच्या वरच्या मजल्यावर एखादी खोली भाड्याने देता आली तर अजून थोडं पुढे. म्हणजे ज्या कमाईला तुम्ही "राबणं" म्हणताय ती तुमच्या म्हातारपणात आठ ते अकरा वर्षं घालतीय. हे मला तुमच्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं गणित वाटतं, आणि ते कुणी तुमच्यापुढं मांडलेलं दिसत नाही.

आणि "कोण नोकरी देणार" हा प्रश्न तुम्ही कुणाला विचारलाय का, की स्वतःच विचारून स्वतःच उत्तर दिलंय? ५८ हजाराची तशीच खुर्ची सोलापुरात लगेच मिळणार नाही, मान्य. पण तुमच्याकडे जे काम आहे त्याला नोकरीच लागते असं थोडंच आहे. आपल्याकडे पंधरा-वीस लूमवाले, युनिफॉर्म शिवणारे, सुताचे व्यापारी शेकड्याने आहेत, त्यांना जीएसटी, ई-वे बिल, स्टॉक, उधारी वसुली या सगळ्याला एक जाणता माणूस हवा असतो पण पूर्ण पगारावर ठेवणं परवडत नाही. अशा तिघांकडे आठवड्यातले दोन-दोन दिवस, प्रत्येकी ८-१० हजार, झाले की २५-३० हजार. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला स्वतःला जीएसटी नंबरही घ्यावा लागत नाही. साखर कारखान्यांचा हंगाम असतो तेव्हा त्यांनाही अकाउंट्सला जादा माणसं लागू शकतात, तिथेही विचारून ठेवा. पहिले तीन-चार महिने काही जमणार नाही, कुणी तरी पैसे बुडवेल, कुणी "साहेब तुम्ही फार मोठे आमच्यासाठी" म्हणून टाळेल. होतं तसं. पण दोन महिन्यांत निष्कर्ष काढू नका.

वडिलांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. मी तिथं थांबले. गिरण्या बंद पडल्यावर घरी बसलेली माणसं या गावातल्या पुष्कळ घरांनी बघितलीत, दिवसभर चौकात नाहीतर देवळाच्या पायरीवर, आणि घरात कुणीच काही बोलत नाही. तुम्हाला पैशापेक्षा तसं दिसण्याची भीती वाटत असेल का? संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर चार नातेवाईक भेटणार आणि "सध्या काय करताय" विचारणार, तेव्हा "रिटायर झालो" म्हणणं सोपं जातं. म्हणा की मग. लोकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण नातेवाईकांना द्यायच्या उत्तरावर ३५ वर्षांचा हिशोब बसवू नका. आणि थकला असाल तर सहा महिने सरळ विश्रांती घ्या. ४२ हजाराने अडीच लाख जातील. ते परवडतं तुम्हाला, अगदी आरामात परवडतं. फक्त कायमचं काही आत्ता ठरवू नका, आणि त्या सहा महिन्यांत प्लॉट विकू नका, मोठी रक्कम कुठेही अडकवू नका.

मुलाला सांगा मात्र. तो वीस वर्षांचा आहे, आणि पत्राच्या शेवटी "मोकळा होऊ का" विचारताना तुम्ही मनात "पुढे मुलगा बघेलच" असं धरलं असावं असा मला दाट संशय आहे. ज्याला नोकरी गेल्याचंही माहीत नाही त्याच्या भरवशावर म्हातारपण कसं काय ठेवायचं?

आता कागदपत्रांचं, आणि हे ज्या कुणाची पन्नाशीत नोकरी गेलीय त्या सगळ्यांनी वाचा.

मेडिक्लेम सगळ्यात आधी. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असाल तर ती नोकरीबरोबर जाते, पण त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते लगेच विचारा, मुदत संपायच्या आत. नव्याने घेतली तर बीपी-शुगरसारख्या आधीच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि बावन्नला तीन वर्षं हा फार मोठा काळ आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढाच दिलासा. आईंचं वय ७० च्या वर आहे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेची मर्यादाही ५ लाख आहे. ही कार्डं असली तरी तुमचा स्वतःचा मेडिक्लेम सोडू नका, ऐन वेळी आपल्याला हवा तो दवाखाना यादीत नसतो.

पीएफ घाईने काढू नका. नोकरी सुटली म्हणून काढलाच पाहिजे असं काही नाही, ५८ पर्यंत व्याज मिळत राहतं, आणि २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता, इतका दर आज कुठली एफडी देतीय? नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र धरतात हे खरं, पण नव्या करप्रणालीत सध्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही, त्यामुळे तुम्हाला त्याचा चटका बसू नये. कंपनीने नोकरी सुटल्याची तारीख पोर्टलवर टाकली नसेल तर दोन महिन्यांनी ती स्वतःला टाकता येते. पीएफबरोबरची पेन्शन मात्र फार धरून चालू नका. ती तुमच्या पूर्ण पगारावर नसते, आता १५ हजार आणि सप्टेंबर २०१४ च्या आधी ६,५०० या मर्यादेवर मोजतात, तुमच्या २४ वर्षांना ५८ व्या वर्षी महिना चार हजाराच्या आसपास बसेल. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितकं वर्षाला ४ टक्क्यांनी कापून, आणि ती कपात कायमची. आत्ता घेतलीत तर जवळपास पाव भाग गेला. थांबा ५८ पर्यंत.

सीनियर सिटिझन स्कीम सध्या ८.२ टक्के देते, पण ती तुम्हाला ६० ला (नोकरीतून रीतसर निवृत्त झालेल्यांना ५५ नंतर), त्यामुळे मेहुण्यांनी ती सुचवली असेल तर आज उपयोग नाही. पोस्टाची मंथली इन्कम चालेल, ७.४ टक्के, वहिनींबरोबर जॉइंट काढली तर १५ लाखांपर्यंत ठेवता येतात, महिना ९,२५० येतात. एफडीचे १७ लाख एकाच बँकेत असतील तर पसरवा, कारण बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराचे ५ लाखच विम्यात असतात, आणि पतसंस्थेला तर तो विमाही नाही. पतसंस्था अर्धा टक्का जास्त देते म्हणून तिकडे पळू नका. म्युच्युअल फंडाचे ६ लाख तसेच राहू द्या, दहा वर्षं हात न लावता. सगळाच्या सगळा पैसा एफडीत घालून महागाईशी बरोबरी होत नाही. आणि एक, ग्रॅच्युइटीची रक्कम जमा झालीय हे बँकेतल्या माणसापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. "महिना ३ टक्के देतो" म्हणणारा एक जण येणारच, कदाचित नात्यातलाच येईल. त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

ज्यांचा नवरा किंवा बायको सरकारी पेन्शनवर आहे, किंवा ज्यांची मुलं मार्गी लागून वय ५७-५८ आहे, त्यांनी माझे हे आकडे स्वतःला लावून घाबरू नये. त्यांच्या खर्चातून आधी खात्रीचं उत्पन्न वजा करायचं, उरलेल्यालाच पट लावायची, आणि वर्षं कमी असतील तर पटही कमी. तिथं लवकर थांबणं खरंच परवडू शकतं आणि परवडत असेल तर खुशाल थांबावं, मरेपर्यंत राबलंच पाहिजे असं मी कुणाला सांगणार नाही.

राहता राहिलं मुलीचं लग्न. मी १० लाख धरले ते तिला न विचारता, आणि तुम्हीही मनात जो आकडा धरलाय तो तिला न विचारताच धरला असणार. पुण्यात स्वतःच्या पायावर उभी असलेली पंचवीस वर्षांची मुलगी आहे ती. तिला फोनवर नको, घरी येईल तेव्हा समोर बसवून सगळे आकडे दाखवा, आणि हेही सांगा की या घरात एक लाख म्हणजे आता साधारण अडीच महिन्यांचा खर्च आहे. हॉल कुठला आणि पंगत किती, हे मग तिलाच ठरवू दे.